मैदानावर फिरलेला पंखा

टीव्हीवर बँडचा कार्यक्रम लागला की अनघा केळुसकरच्या शेजारी बसण्यात अर्थ नसे. एरवी ती शांत बाई. सिंगापूरला चांगी बिझनेस पार्कमधल्या एका बँकेच्या ऑफिसात दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसायची, कुणावर आवाज चढवायची नाही. पण ड्रम, ट्रंपेट आणि झेंडे घेतलेली मुलं मैदानात उतरली आणि कॅमेरा हलायला लागला, की ती सोफ्याच्या कडेवर येऊन टीव्हीशी भांडायची.

"अरे मैदान दाखव! मैदान दाखव ना! गेलं... गेलं बघ."

काय गेलं, ते तिच्या आईला, सुरेखाताईंना, कधी कळायचं नाही. त्यांना पडद्यावर सगळंच छान दिसत असे. ड्रमवर पडणाऱ्या काठ्या, ट्रंपेट फुंकून फुगलेले गाल, झेंडेवाल्या मुलीच्या डोळ्यांतलं पाणी.

"आई, शंभर मुलं मिळून मैदानभर रांगोळी काढतात," अनघा समजावायची. "ती पुरी झाली की नेमका हा माणूस रांगोळीची डबी दाखवतो. परत मैदानावर येईपर्यंत रांगोळी पुसलेली असते."

ड्रम कोअर म्हणतात अशा या बँडचं तेच वैशिष्ट्य. नुसतं उभं राहून वाजवायचं नसतं. वाजवता वाजवता चालायचं, पळायचं, रांगा मोडायच्या, पुन्हा जुळवायच्या. खालून बघणाऱ्याला नुसती धावपळ दिसते. वरच्या पायरीवरून बघणाऱ्याला त्या धावपळीतून चौकोन उघडताना, चक्रं फिरताना, लाटा येताना दिसतात. या आकृत्या कागदावर आखून मुलांकडून बसवून घेणं, हे अनघाचं काम. त्याला ड्रिल म्हणतात. बँकेची नोकरी पोटासाठी होती. शनिवारी सकाळी शाळेच्या मैदानावर भोंगा घेऊन उभी असलेली अनघा, ती खरी.

तिचे वडील पद्माकर केळुसकर मूळचे वेंगुर्ल्याकडचे, जहाजावर चीफ इंजिनियर होते. कंपनीचा कारभार सिंगापूरहून चाले, म्हणून अनघा दुसरीत असताना त्यांनी बिऱ्हाड इकडे हलवलं आणि बेडोकला दहाव्या मजल्यावर फ्लॅट घेतला. फ्लॅट घेतला, पण राहिल्या तिथे मायलेकीच. पद्माकर चार-पाच महिने समुद्रावर असायचे, मग काही आठवडे घरी. घरी आले की खाली हॉकर सेंटरला, खाण्यापिण्याच्या गाळ्यांकडे, कॉफी प्यायला जायचे, लेकीला शाळेत सोडायला जायचे, आणि ती त्यांना सरावते न सरावते तोच पुन्हा बॅग भरायला घ्यायचे.

सेकंडरी शाळेत प्रत्येक मुलाला शाळेनंतरचा एखादा उपक्रम निवडावा लागतो. अनघाच्या मैत्रिणीनं बँड निवडला, म्हणून हिनंही निवडला. तिला गळ्यात अडकवायचा ड्रम मिळाला, आणि पहिल्या महिन्यातच तिच्या घरातल्या प्रत्येक लाकडी वस्तूवर काठ्या आपटून झाल्या. वडील आले की विचारायचे, "दाखव बघू काय नवीन शिकलीस." ती जेवणाच्या टेबलावर वाजवून दाखवायची. ते हातातला कप खाली ठेवून ऐकायचे. कप धरून ऐकणं त्यांना तिचा अपमान वाटे.

"पण बाबा, हे वाजवताना आम्ही चालतो. ते टेबलावर नाही दाखवता येत."

"मग पुढल्या खेपेला मैदानावर येतो."

पुढली खेप कधी जमलीच नाही. शाळेच्या स्पर्धा आणि त्यांच्या सुट्ट्या यांचं कधी जुळलं नाही. एकदा तर त्यांचं जहाज ईस्ट कोस्टसमोर नांगर टाकून उभं होतं. बेडोकहून चालत किनाऱ्यावर गेलं की दिसत होतं. त्याच दुपारी अनघाच्या बँडची अंतिम फेरी होती. इंजिनचं काम निघालं आणि त्यांना खाली उतरता आलं नाही. सुरेखाताई स्पर्धेहून परतल्यावर लेकीला घेऊन किनाऱ्यावर गेल्या. अनघा गणवेशातच होती. तिथून तिनं जहाजाच्या दिशेनं हात हलवला. कुठल्या जहाजाकडे, ते तिला नक्की ठाऊक नव्हतं. बराच वेळ उभी होती.

शाळा संपली, कॉलेज संपलं, नोकरी लागली. अनघा जुन्या शाळेत आधी मदतीला म्हणून गेली आणि मग ड्रिल शिकवायची म्हणून तिथलीच झाली. लग्न केलं नाही. त्याबद्दलची बोलणी आधी वाढली, मग हळूहळू थांबली. पद्माकर निवृत्त होऊन कायमचे घरी आले तेव्हा त्यांचं हृदय थकलं होतं. बायपास झाली होती, तरी चालताना दम लागायचा. इतकी वर्षं इंजिनरूमच्या उभ्या शिड्या चढलेला माणूस ओव्हरब्रिजच्या पायऱ्या बघून थांबायला लागला.

पण आता ते घरी होते. शनिवारी अनघा उन्हानं रापून परत आली की ते विचारायचे, "आज काय जमलं?" आणि ती सांगायची.

ज्या वर्षी हे सगळं घडलं, त्या वर्षी शाळांच्या बँडची मोठी स्पर्धा पहिल्यांदाच टीव्हीवर थेट दाखवणार होते. अनघानं त्या वर्षी विषय घेतला होता बंदर. सुरुवातीला पहाट, मग क्रेन, मग कंटेनर चढवणं, आणि शेवटी जहाज निघतं. त्या शेवटाला तिनं जे बसवलं होतं ते तिनं घरी कुणालाच सांगितलं नाही.

सगळा बँड मैदानाच्या मध्यावर गोळा होणार, तिथून चार रांगा बाहेर फुटणार, रांगा वळणदार होत जाणार आणि जहाजाचा पंखा तयार होणार. मैदानाएवढा पंखा. मग तो फिरणार. मधली मुलं जागच्या जागी पाय उचलणार, आणि टोकाची मुलं वाजवत वाजवत अक्षरशः पळणार, तेही रांग वाकू न देता. मुलांनी आधी हात टेकले होते. "मिस, कॅनॉट लाह," टोकाची मुलगी रडकुंडीला येऊन तिथल्या इंग्रजीत म्हणाली होती. अनघानं त्यांना आठवड्यामागून आठवडे तेच करायला लावलं. अखेर एका शनिवारी शाळेच्या चौथ्या मजल्यावरून तिनं खाली बघितलं, आणि पंखा फिरला. ती कठड्याला धरून उभी राहिली. मुलं खालून ओरडत होती, "मिस, ओके ऑर नॉट?" तिनं दोन्ही हात वर करून दाखवले.

तो पंखा बाबांसाठी होता. ज्या माणसानं आयुष्यभर पाण्याखालचा पंखा फिरता ठेवला, आणि लेकीचं एकही ड्रिल बघितलं नाही, त्याच्यासाठी.

स्पर्धेच्या आठवड्यात पद्माकर म्हणाले, "मी येतो या वेळी. आता काही जहाज आडवं नाही."

"बाबा, तिथे केवढं उकडतं. आणि खालून काही दिसत नाही, वर बसावं लागतं. लिफ्ट नाही."

"हळूहळू चढेन. एक पायरी, एक श्वास."

"आणि मध्येच काही झालं म्हणजे? मी मैदानात असणार, आई एकटी काय करेल?" मग तिनं आवाज मऊ केला. "टीव्हीवर येणार आहे ना. उंचावर कॅमेरा लावलाय त्यांनी, मी स्वतः बघून आले. मैदानावरच्या लोकांना नाही दिसणार इतकं घरी छान दिसेल. पंख्याखाली बसून बघा."

पंखा हा शब्द तोंडातून गेला आणि ती स्वतःशीच हसली. पद्माकर क्षणभर तिच्याकडे बघत राहिले. त्यांना यायचं होतं, हे तिला कळलं होतं. पण त्यांनी हट्ट केला नाही. समुद्रावरच्या माणसाला हुकूम मानायची सवय असते.

"तू म्हणतेस तर टीव्ही," ते म्हणाले.

टीव्हीवर कार्यक्रम कसा दाखवतात, यावर वर्षानुवर्षं चिडणारी ही बाई. तिनं त्या दिवशी त्याच टीव्हीवर विसंबून वडिलांना घरी का बसवलं, हे ती नंतर अनेकदा स्वतःला विचारायची. उंचावरचा कॅमेरा तिनं डोळ्यांनी बघितला होता, एवढंच तिच्याजवळ उत्तर होतं.

पालकांच्या बैठकीतही तिनं हेच सांगितलं होतं. "कृपा करून कुणी फोनवर शूटिंग करू नका. सगळे फोन वर करून बसता आणि मुलांना तुमचा चेहरा दिसत नाही. टीव्हीवर येणारच आहे, रेकॉर्डिंग सगळ्यांना मिळेल." ती शिस्तीची बाई म्हणून पालकांत ओळखली जायची. कुणी वाद घातला नाही.

स्पर्धेच्या दिवशी दुपारी ढग आले होते, पण पाऊस पडला नाही. मुलं मैदानात उतरली. अनघा बाजूच्या रेषेजवळ टोपी घालून उभी होती. तिला जमिनीवरून फारसं दिसत नव्हतं, पण कानांना कळत होतं. ताल कुठे सैल पडला, कुठे सावरला. शेवटचा भाग आला. मध्यावर गोळा, चार रांगा, वळण, आणि टोकाची मुलं तिच्या समोरून वाऱ्यासारखी गेली. स्टेडियमच्या वरच्या पायऱ्यांवरून आवाज उठला. आधी वरून, मग तो खाली उतरत आला. त्या आवाजावरून तिला समजलं की पंखा फिरला.

दुसरा नंबर आला. मुलं एकमेकांच्या गळ्यात पडून रडली. अनघा टॅक्सीनं घरी आली, कारण तिला धीर नव्हता. दार सुरेखाताईंनी उघडलं. आत पद्माकर खुर्चीच्या पुढच्या कडेला बसले होते. तोंडभर हसत होते.

"दिसलीस! अगं बाय, तू दिसलीस!"

"काय?"

"तू! टोपी घातलेली. एवढी मोठी," त्यांनी हातांनी चौकट केली. "ओठ हलत होते तुझे. काहीतरी मोजत होतीस. किती वेळ दाखवली गं तुला! वेंगुर्ल्याहून तुझ्या काकाचा लगेच फोन, तोही इंटरनेटवर बघत होता. म्हणाला, पोरगी अगदी आईवर गेलीय आपली."

"कधी दाखवलं मला?"

"शेवटी, शेवटी. ते सगळे पळायला लागले ना, तेव्हा."

"आणि पंखा?"

"कुठला पंखा?"

तिनं रिमोट घेतला. कार्यक्रम पुन्हा बघता येत होता. तिनं शेवटाकडे नेलं. मुलं मध्यावर गोळा होताना दिसली. चार रांगा फुटायला लागल्या. आणि तिथे कॅमेरा गेला एका ट्रंपेटवर, मग ड्रमच्या काठ्यांवर, मग पाहुण्यांच्या रांगेवर, आणि मग तिच्यावर. उन्हानं काळवंडलेला, ताणलेला, ओठ पुटपुटणारा तिचा चेहरा पडदाभर. मागे लोकांचा आवाज उठत होता, आणि तो कशासाठी उठतोय ते दिसत नव्हतं. कॅमेरा मैदानावर परतला तेव्हा मुलं सरळ रांगेत उभी राहून सलाम करत होती.

"बघ, बघ, आली बघ!" पद्माकर मागून म्हणाले.

अनघानं टीव्ही बंद केला.

"मला बघायला टीव्ही लावला होतात का तुम्ही? मला रोज बघता की! मी काय आहे त्यात? मी त्यात काहीसुद्धा नाहीये!"

"अगं, पण मला आनंद..."

"कसला आनंद? एवढं सगळं केलं त्यातलं काही दिसलं नाही तुम्हाला, आणि आनंद कसला होतो? तुम्हाला कळत कसं नाही, बाबा?"

पद्माकरांच्या चेहऱ्यावरचं हसू एकदम गेलं नाही. ते थोडं रेंगाळलं, मग कुठे ठेवावं ते न कळल्यासारखं उतरलं. त्यांनी खाली बघितलं, चष्मा काढून सदऱ्याच्या टोकानं पुसला. सुरेखाताई म्हणाल्या, "आधी पाणी पी, मग बोल." अनघा अंघोळीला गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं माफी मागितली. पद्माकर म्हणाले, "छे गं, दमली होतीस." पण त्यानंतर त्यांनी तो कार्यक्रम पुन्हा लावला नाही, आणि वेंगुर्ल्याहून कुणाचा फोन आला तर ते टीव्हीची गोष्ट काढत नव्हते.

अनघा स्वस्थ बसली नाही. ज्या कंपनीनं हे प्रक्षेपण केलं होतं तिचं ऑफिस तांजोंग पगारला होतं. ती रजा टाकून तिथे गेली. कार्यक्रमाचा दिग्दर्शक मिस्टर को म्हणून होता, पन्नाशीचा, सभ्य. त्यानं तिला बसवलं, चहा मागवला, सगळं ऐकून घेतलं.

"उंचावरच्या कॅमेऱ्याचं वेगळं रेकॉर्डिंग असेल ना?" तिनं विचारलं. "मला फक्त शेवटचा भाग हवाय. वडिलांना दाखवायचाय."

मिस्टर को खरोखर ओशाळला. "ते आम्ही ठेवत नाही. जे प्रसारित झालं तेवढंच राहतं." मग म्हणाला, "घरी बसलेल्या माणसाला चेहरे लागतात. लांबून दाखवलं की लोक चॅनल बदलतात. आणि तुमचा तो शॉट मी मुद्दाम घेतला. तुमच्या चेहऱ्यावर सगळा कार्यक्रम दिसत होता."

तिच्या मनात बोलायला पुष्कळ होतं. पण माणूस वाईट नव्हता. ती आभार मानून उठली.

घरी येऊन तिनं लॅपटॉपवर ड्रिलच्या आकृत्या उघडल्या. प्रत्येक मूल म्हणजे एक ठिपका. तिनं बाबांना शेजारी बसवून एकेक पान पुढे सरकवलं. पद्माकरांनी चष्मा वर-खाली करून बघितलं, आणि दोनच पानांत त्यांना उमगलं.

"हा पंखा आहे."

"हो."

"चार पात्यांचा." त्यांनी पडद्यावर बोट टेकवलं. "टोकाची पोरं धावत असतील. मधली जागेवर. आणि मधल्यांनी जरा जरी घाई केली तरी पातं वाकणार."

"तेच तर, बाबा. तेच सगळ्यात कठीण होतं."

"माझ्यासाठी केलास?"

तिनं मान हलवली. त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. ठिपक्यांकडे पुन्हा बघितलं आणि म्हणाले, "ड्रॉइंग उत्तम आहे. पण बाय, ड्रॉइंग बघून इंजिनचा आवाज येत नाही." हे बोलल्यावर त्यांना वाटलं असावं की तिला लागेल, म्हणून घाईनं पुढे म्हणाले, "पुढच्या वर्षी मी वर चढणार. तू नाही म्हटलंस तरी."

"पुढच्या वर्षी पुन्हा पंखाच बसवते."

"तोच तोच नको. नवीन काहीतरी कर. मी काहीही बघेन."

पुढचं वर्ष त्यांना मिळालं नाही. चिनी नववर्षाच्या सुट्टीत त्यांना धाप लागली, अँब्युलन्सनं हॉस्पिटलात नेलं. तिथे काही दिवस बरे वाटले, नर्सबरोबर जहाजावरच्या गोष्टी केल्या, आणि एका सकाळी सुरेखाताई डबा घेऊन पोहोचायच्या आत ते गेले. अस्थी अनघा वेंगुर्ल्याला घेऊन गेली. काकांनी तिला जवळ घेतलं आणि म्हणाले, "टीव्हीवर तुला बघितली ना, त्या दिवशी दादा फोनवर पोरासारखा ओरडत होता." अनघानं ते ऐकलं आणि समुद्राकडे तोंड फिरवलं.

त्या वर्षी तिनं बँडला नवीन ड्रिल दिलं नाही. जुनं काहीतरी दुरुस्त करून चालवलं.

वर्षअखेरीस शाळा सोडून जाणाऱ्या मुलांचा निरोपाचा कार्यक्रम होता. शाळेच्या हॉलमध्ये खाणं होतं, पालक आले होते. बासरी वाजवणारी नादिया त्या वर्षी बाहेर पडत होती. तिची आई, रोस्नाह नावाची मलाय बाई, हातात भेटवस्तू घेऊन अनघाजवळ आली. जरा घुटमळली.

"मिस, एक सांगू? रागवणार नाही ना?" ती इंग्रजीत म्हणाली.

"का रागवेन?"

"मागच्या वर्षी तुम्ही सांगितलं होतं, स्पर्धेत फोन बाहेर काढायचा नाही. मी काढला होता. अगदी वरच्या रांगेत बसले होते. मला नादिया कुठे आहे ते सापडेच ना, म्हणून सगळं मैदानच घेत बसले. शेवटपर्यंत." तिनं फोन पुढे केला. "तुमच्या वडिलांचं नादियानं सांगितलं. तुम्ही टीव्हीवाल्यांकडेसुद्धा गेला होतात म्हणे. ते मला परवा कळलं हो. आधी कळलं असतं तर... तुमच्या भीतीनं मी कुणाला दाखवलंच नाही."

अनघानं फोन हातात घेतला. चित्र थोडं हलत होतं. कुणाचीतरी छत्री कोपऱ्यात येत-जात होती. पण मैदान अख्खं होतं. मुलं मध्यावर गोळा झाली. चार रांगा बाहेर फुटल्या, वळल्या, आणि पंखा फिरायला लागला. रोस्नाहचा श्वास आणि आजूबाजूच्या लोकांचं ओरडणं त्यात ऐकू येत होतं.

एक पातं वाकलं होतं. बासऱ्यांच्या बाजूचं. फार नाही, पण टोक मागे पडत होतं. अनघानं इतके दिवस मनात जो पंखा बाळगला होता, तो अगदी निर्दोष होता. खरा तसा नव्हता. बाबांना ते लगेच दिसलं असतं. म्हणाले असते, पातं वाकलंय, दुरुस्तीला ड्राय डॉकला घ्या. आणि हसले असते.

"मिस?" रोस्नाह घाबरून म्हणाली. "मी चूक केली का?"

"नाही, नाही," अनघा म्हणाली. "चूक मी केली. मला हे पाठवता का?"

बाबा असताना महिनोन्‌महिने हे चित्र बेडोकपासून बसनं जाता येईल अशा एका घरात, एका फोनमध्ये पडून होतं. तिनं टीव्हीवाल्यांचं ऑफिस गाठलं, आणि एकदाही पालकांना विचारलं नाही. विचारायला जागा तिनंच ठेवली नव्हती.

रविवारी सकाळी तिनं ते सुरेखाताईंना दाखवलं. टीव्हीला फोन जोडून मोठं करून. सुरेखाताई पदरानं हात पुसत येऊन बसल्या. पंखा फिरला, थांबला, चित्र संपलं. त्यांनी पुन्हा लावायला सांगितलं नाही.

"चांगला झालाय," त्या म्हणाल्या. मग टीव्हीकडेच बघत: "तुला एक सांगू? त्या दिवशी तुझा चेहरा आला ना टीव्हीवर, तेव्हा हे खुर्चीतून उठले. दम लागत होता तरी उठले. टीव्हीपाशी गेले आणि तुझ्या गालावर हात ठेवला. काचेवरच. मी म्हटलं, डाग पडतील. तर म्हणाले, पडू देत."

अनघा आईकडे वळली. "मला का नाही सांगितलंस?"

"तू आलीस तेव्हा ऐकायच्या मनःस्थितीत होतीस का? आणि नंतर त्यांनीच सांगू नको म्हटलं. तुला लाज वाटेल म्हणाले."

अनघा रडली, पण फार नाही. रडण्यापेक्षा जास्त काहीतरी आत बसलं होतं. बाबांना पंखा दिसला नाही, याचं दुःख तिनं वर्षभर केलं होतं. ते दुःख तसंच होतं. पण त्याच्या शेजारी आता दुसरं येऊन बसलं, आणि ते जास्त जड होतं. त्या दुपारी बाबांना जे मिळालं होतं ते पुष्कळ होतं, आणि तिनं ते त्यांना धड उपभोगू दिलं नाही. हे ती कुणाला फारसं बोलून दाखवत नाही. एकदा आईला एवढंच म्हणाली, "मी यायच्या आधी ते किती आनंदात होते गं." सुरेखाताईंनी नुसतं "हो" म्हटलं.

अनघा अजून शिकवते. टीव्हीवर बँड लागला की आता भांडत नाही. गप्प बसून बघते, किंवा उठून जाते. कॅमेरे अजून तसेच आहेत. यंदाच्या स्पर्धेतही मैदानावर मुलांची लाट उठायच्या क्षणी त्यांनी कुणाचा तरी बूट दाखवला.

स्पर्धेनंतरच्या शनिवारी मैदानावर झांजा वाजवणारी हुई मिन पळत आली. लहानखुरी मुलगी, पहिलंच वर्ष. हातात फोन.

"मिस! मिस, मी टीव्हीवर! अगदी क्लोज! बघा ना!"

मागून एक मोठी मुलगी म्हणाली, "ए, तुझ्यामुळे ड्रिल कट झालं लेह. मिस चिडेल."

हुई मिनचा चेहरा पडायला लागला. अनघानं भोंगा गवतावर ठेवला, डोळ्यांवर हाताची सावली धरली आणि फोन जवळ घेतला. झांजांच्या मध्ये मुलीचं नाक, कपाळावर चिकटलेले केस, एवढंच होतं. अनघानं ते शेवटपर्यंत बघितलं.

"घरी बघितलं कुणी?"

"आजीनं. ती रडली, मिस. खूप रडली. सगळ्या शेजाऱ्यांना बोलावलं."

"छान दिसलीस," अनघा म्हणाली. "पुन्हा एकदा लाव."